झिजल्यावरच पुरायची वही

मी, रहमिम हसाजी आवासकर, वय २६ वर्षे, धंदा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणे, जात बेने इस्रायल (यहुदी), राहणार स्टेशनामागची गल्ली, श्रीरामपूर, जिल्हा अहमदनगर, हा कागद आज रविवारी सकाळी, स्वतःच्या टेबलावर बसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ठिकाणावर नाही ते हृदय. त्यातली एक झडप लहानपणीच्या सांध्यांच्या तापाने अरुंद झाली आहे. येत्या बुधवारी मुंबईच्या इस्पितळात दाखल व्हायचे असून सोमवार ता. १२ रोजी शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, दहातले आठ जण चालत घरी जातात. बाकीच्या दोघांचे मी विचारले नाही. म्हणून हे मृत्युपत्र.

हे लिहिण्यास मला कोणी भाग पाडलेले नाही. उलट शेजारचे कानिफनाथ मामा यांनी "मरायच्या आदी मरनाचं लिहू न्हाई लेकरा, त्याला रस्ता घावतो," असे तीन वेळा बजावले. मी ऐकले नाही, याची जबाबदारी माझी एकट्याची.

माझे शिक्षण सातवी पास, आठवी अर्धी. परंतु नऊ वर्षे मी लोकांच्या जाहीर नोटिसा, लग्नपत्रिका व साखर कारखान्याची हँडबिले जुळवली आहेत, त्यामुळे कागदाची भाषा मला परकी नाही. आधी कच्चा खर्डा केला, तो दोनदा तपासला. एकूण पाने सहा. प्रत्येक पानाखाली सही आहे. एखाद्या पानाखाली सही नसेल तर ते पान माझे समजू नये.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी छापखान्याचे मालक श्री. भाऊसाहेब गाडेकर यांनी करावी. त्यांच्यासाठी मी यातून काहीही ठेवलेले नाही, कारण ते साक्षीदारही आहेत आणि साक्षीदाराला दिलेले कायद्याने उभे राहत नाही. हे त्यांना समजावून सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मला काही नको रे, फक्त पाडव्याच्या आत परत ये. पत्रिकांचा हंगाम तोंडावर आलाय." त्यांच्या बोलण्याची हीच तऱ्हा आहे. ते तोंड फिरवून खिडकीकडे गेले होते.

कलम २. घर. दोन खोल्या व पुढचा ओटा. माझे आजोबा एलोजी आवासकर रेल्वेत मुकादम होते, त्यांनी हे बांधले. घर माझी आई साराबाई व बहीण दिना यांचे समजावे. दोघी सन १९६६ पासून इस्राएलात दिमोना या गावी आहेत. बाबा गेले नाहीत. "बापाच्या कबरीला पाणी कोण घालणार?" म्हणायचे. मी बाबांपाशी राहिलो. आईच्या पत्रात दरवेळी शेवटी असते, तुझ्या वाटणीची खाट मोकळी ठेवली आहे. आई, ती खाट आता दिनाच्या मुलांना दे. मोकळी खाट रोज बघू नये.

दाराच्या उजव्या चौकटीवर मेजुजा आहे, म्हणजे परमेश्वराचे वचन लिहिलेली गुंडाळी असलेली पितळी नळी. जाता-येता तिला बोट लावून ओठांशी नेण्याचा आमचा रिवाज आहे. आजोबा, आजी, बाबा, आई, दिना व मी अशा सहा जणांच्या बोटांनी तिचे एक टोक गुळगुळीत झाले आहे. घर दुसऱ्या धर्माच्या माणसाला विकले गेल्यास नळी अलगद उतरवून दिनाला पाठवावी. पॉलिश करू नये.

कलम ३. माझी जुळणीची पितळी स्टिक व चिमटा मशीनवरचे सूर्यभान यांना द्यावा. सन १९६९ साली त्यांनी माझे जुळवलेले अख्खे पान धक्का देऊन खाली पाडले, खिळ्यांचा चिवडा झाला आणि वर "तुला काय, पुन्हा रचायला आवडतंच की" असे म्हणून ते हसले. ते मी मनात ठेवले होते. परंतु पुन्हा रचायला मला खरोखर आवडते, आणि ते ओळखणारे ते पहिलेच. हिशेब मिटला.

कलम ४. मालिद्याची मोठी परात कानिफनाथ मामांच्या पत्नी मुक्ताबाई यांना. नवस फेडताना आमच्यात पोहे, गूळ, खोबरे व फळे घालून मालिदा करतात आणि एलियाहू नबीची आठवण काढतात. आई गेल्यापासून खोबरे मुक्ताबाईच किसतात. नबी कोण, हे त्यांनी एकदाही विचारले नाही. "आपल्या घरी येतो ना, मग खाऊ द्यावं," एवढेच म्हणाल्या.

कलम ५. माझे चुलते बन्याजी काका, राहणार ठाणे, यांना आजोबांचा शब्बाथचा, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी लावायचा, काचेचा दिवा द्यावा व सोबत हे कलम वाचून दाखवावे. दोन वर्षे मी त्यांच्या पत्रांना उत्तर दिलेले नाही.

बाबा सन १९७१ च्या फेब्रुवारीत वारले. शेवटच्या दिवशी त्यांनी पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेकडे बोट केले व म्हणाले, "फाटकी माझ्यासंगं." प्रार्थनेची जुनी, फाटकी पुस्तके आमच्यात जाळत नाहीत, रद्दीत घालत नाहीत. त्यांत परमेश्वराचे नाव असते म्हणून ती माणसासारखी मातीत ठेवतात, बहुधा एखाद्याच्या दफनाबरोबरच. गेलेल्यासाठी म्हणायच्या कादिशच्या प्रार्थनेला आमच्यातले दहा पुरुष लागतात. नगर, पुणे, ठाणे धरून नऊ जमले. तेव्हा कानिफनाथ मामा नऊ जणांच्या रांगेत टोकाला येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मी तुमच्या मोजनीत न्हाई, ठावं हाय मला. पन हुभा तर ऱ्हातो." कादिश झाली नाही. बाकीचे सर्व झाले.

ट्रंकेत सात वह्या-पुस्तके होती. सहा हिब्रू प्रार्थनेची, वाळवीने खाल्लेली. सातवी आजोबांची कीर्तनाची वही. आजोबा आमच्या लोकांत मराठीतून कीर्तन करीत, पवित्र शास्त्रातल्या गोष्टींवर. ओव्या, साक्या, पदे सर्व त्यांनीच रचलेले, एकूण चौदा आख्याने. वहीचे फक्त पुठ्ठे खाल्ले होते. मी ती सहांच्या वर ठेवली.

काका म्हणाले, "ती कशाला? ती मराठी आहे."

मी म्हणालो, "प्रत्येक पानाच्या माथ्यावर परमेश्वराचं नाव आहे, काका."

"अरे, मराठीत आहे ना पण! मराठी वही कोणी पुरतं का?"

"का? मराठीतलं नाव काय उसनं आणलंय?"

मला राग आला होता. ज्या भाषेत आजोबा रडले, ज्या भाषेत बाबांनी प्राण सोडला, ती पुरण्याच्याही लायकीची नाही असे मला ऐकू आले. तिला सहांसारखाच मान मिळाला पाहिजे म्हणून मी स्वतः खड्ड्यात उतरलो, वही पांढऱ्या कापडात नीट चौकोनी बांधली व बाबांच्या उशाशी ठेवली. गाठ दोनदा तपासली.

काका, वही बाहेर ठेवायला हवी होती, हे तुमचे खरे होते. पण ती मराठी होती म्हणून नव्हे. तिची पाने अजून वाचता येत होती म्हणून. मी मानाच्या नादात जिवंत वस्तू पुरली. तुमच्यावरचा माझा राग मुळात माझ्यावरचा होता. दिवा जपून न्यावा, एका बाजूला तडा आहे.

कलम ६. हे कलम पुण्याच्या विद्यापीठातील यहुदी अभ्यास केंद्र व तेथील संशोधक लेयाबाई सोगावकर यांच्यासाठी आहे. ते मी चार वेळा लिहिले. हे चौथे.

बाबांना जाऊन चार महिने झाले होते. पोस्टमन छगन साळवे यांनी स्टँडवरून एका बाईंना आणून दारात उभे केले. "रहमिम, तुमच्यातल्या पावण्या हायेत. पेटी जड हाय, मला उचलू दीनात." पेटीत आवाज धरून ठेवण्याचे यंत्र होते. बाईंनी आत येताना मेजुजाला बोट लावले. पाच वर्षांत त्या नळीला कोणा आपल्या बाईचे बोट लागले नव्हते. मी चहात साखर दोनदा घातली.

लेयाबाई म्हणाल्या, "आपल्या लोकांची मराठी कीर्तनं गोळा करतोय आम्ही. चारच वह्या हाती लागल्यात. निम्मं कोकण इस्राएलात गेलं, वह्या कुठे गेल्या कोणाला ठाऊक नाही. तीन म्हाताऱ्यांनी एकच नाव घेतलं, एलोजी आवासकर. त्यांची वही आहे ना हो?"

मी म्हणालो, "नाही."

त्यांनी ट्रंक बघू का विचारले. ट्रंक रिकामी होती, पण तळाच्या गंजात पुस्तकांचे चौकोन स्वच्छ उठून दिसत होते. त्या बोट ठेवून म्हणाल्या, "इथे काहीतरी होतं."

मी म्हणालो, "पापड."

त्या खूप हसल्या. "चौकोनी पापड? नगर जिल्ह्यात करतात वाटतं!" मग एक कोरी दोनशे पानी वही माझ्यापुढे ठेवली. पहिल्या पानावर केंद्राचा गोल शिक्का होता. "ऐकलेलं काही आठवलं तर यात लिहा. चार ओळी आठवल्या तरी चालतील. घाई नाही."

लेयाबाई, त्या दिवशी मी खोटे बोललो. वही होती. ती मी माझ्या हाताने पुरली होती, आणि तुम्ही हसत होता म्हणून मला सांगता आले नाही.

त्यांनी ठेवलेल्या छापील पत्रकात एक वाक्य होते: "केंद्राचे कार्य विद्यापीठाच्या आवारात व आवाराबाहेरही चालते." त्यातले "आवाराबाहेरही" एवढे कापून मी छापखान्यात माझ्या केसवर, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीवर, चिकटवले आहे. ते माझ्यासाठी लिहिले आहे असे मी धरले. ऑगस्टपासून मी केंद्राचे पोस्टाने येणारे हिब्रूचे धडे घेतले. दर महिन्याला छगन गल्लीच्या तोंडापासून ओरडत येत, "इद्यापीठाचा लखोटा! सरका, इद्वानाला वाट द्या!" तांबड्या शाईतल्या दुरुस्त्या लेयाबाईंच्या हातच्या असत. एकोणीस धडे झाले. ते क्रमाने लावून दोऱ्याने बांधले आहेत. केंद्राने परत घ्यावेत, दुसऱ्या कोणाला उपयोगी पडतील.

प्रत्येक उत्तरपत्रिकेबरोबर मी लेयाबाईंना खरे सांगणारे एक पत्र लिहीत असे आणि लखोटा चिकटवण्याआधी काढून घेत असे. अशी एकोणीस पत्रे निळ्या पिशवीत आहेत. शेवटच्या काही पत्रांत वहीखेरीज इतर मजकूरही आला आहे. ती भाऊसाहेबांनी न वाचता जाळावीत. त्यांत परमेश्वराचे नाव कोठेही नाही, मी तपासले आहे, त्यामुळे जाळण्यास हरकत नाही.

मागच्या नोव्हेंबरात छातीचा फोटो काढायला पुण्यास गेलो तेव्हा विचारत विचारत केंद्रापर्यंत गेलो. तळमजल्यावरची खोली, रस्त्याकडे खिडकी. लांब टेबल, आठ खुर्च्या. एक कोकणातली म्हातारी यंत्रापुढे गात होती आणि लेयाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. सात खुर्च्यांवर माणसे होती. आठवी खिडकीला पाठ करून रिकामी होती, हात लांबवला असता तर मधे फक्त गज होते. अकरा ते दीड मी तेथे उभा होतो. पहारेकऱ्याने विचारले, "कोणाकडे आलात?" मी म्हणालो, "कोणाकडे नाही. रस्ता चुकलो." त्यानंतर खिळे जुळवताना ती खुर्ची मला रोज दिसते. कोणी तिच्यावर बसले असेल तर त्याचा मला राग नाही, असे मी येथे लिहून ठेवतो.

कलम ७. बाबांची कबर कोणीही, कोणत्याही कारणाने, विद्येच्या कारणानेही, उघडू नये. कानिफनाथ मामा म्हणाले होते, "दोनच वर्सं झाल्यात, उकरू हळूच. हसाजी रागावनार न्हाई, मी सांगंन त्याला." मी त्या विचाराने एक आठवडा जेवलो नाही. मुलगा म्हणून परवानगी देण्याचा हक्क माझा आहे आणि मी ती देत नाही. बाबांनी उशाशी घेतलेले परत मागायचे नाही. शिवाय तेथे वाळवी आहे.

कलम ८. मग केंद्राला मी काय देणार, याचे उत्तर असे.

कानिफनाथ मामा जातीने गुरव. आजोबांच्या प्रत्येक कीर्तनाला बत्तीस वर्षे मृदंगावर तेच असत. चौदाही आख्याने त्यांच्या हातात आहेत. हातात म्हणतो, कारण तोंडी विचारले तर त्यांना एक ओळ येत नाही. मृदंगावर हात पडला की शब्द आपोआप येतात, हात थांबला की थांबतात. लेयाबाईंची वही घेऊन उतरवायला बसलो त्या पहिल्या दिवशी मी म्हणालो, "मामा, जरा हळू वाजवा, लिहायला सापडत नाही."

"हळू वाजिवलं की सबुद सांडत्यात, बाबा. भरली घागर का वाकडी करून न्यायची अस्ती?"

म्हणून ते चालीतच वाजवतात, मी एका फेरीत तीन शब्द पकडतो व ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. एका पदाला चाळीस-चाळीस फेऱ्या होतात. योसेफाला भावांनी विहिरीत टाकले त्या आख्यानाला सहा आठवडे लागले. मुक्ताबाई पलीकडून ओरडायच्या, "त्या पोराला आज तरी इहिरीतनं भाईर काढा! भाकरी गार झाली." योसेफ बाहेर निघाला त्या शुक्रवारी त्यांनी शिरा केला होता.

लेयाबाईंनी दिलेल्या वहीत अशी अकरा आख्याने पूर्ण उतरली आहेत. मामांनी म्हटले तसे लिहिले आहे. जेथे मला आजोबांचा शब्द वेगळा आठवतो तेथे तो समासात पेन्सिलीने आहे. जेथे दोघांनाही आठवत नाही तेथे जागा कोरी सोडली आहे. मी स्वतःचा शब्द एकही घातलेला नाही. एकशे बाराव्या पानावर एक घालण्याचा मोह झाला होता, तो खोडल्याची खूण दिसेल.

तीन आख्याने राहिली. मामा त्यांना "माशाची", "सासू-सुनंची" आणि "आगीच्या गाडीची" म्हणतात, म्हणजे योना, रूथ व एलियाहू नबी. एलियाहूचे मी मुद्दाम शेवटी ठेवले होते, कारण ते सर्वांत गोड आहे आणि ते संपले की मामांबरोबरचे हे काम संपणार होते. ही माझी दुसरी चूक. दिवाळीपासून मामांचा उजवा हात थरथरतो. परवा माशाचे आख्यान सुरू केले आणि मासा किनाऱ्याला येण्याआधीच हात थांबला. ते हाताकडे बघत राहिले. म्हणाले, "आत हायेत रं समदे. दार उघडंना."

तरी केंद्राला विनंती की हा कागद मिळताच आवाज धरण्याचे यंत्र घेऊन श्रीरामपुरास यावे. मामांना पुण्याला बोलावू नये, त्यांना एसटी लागते. सकाळी हात जरा बरा असतो, तेव्हा बसावे. मृदंगाशिवाय म्हणून दाखवा असे सांगू नये. मधे थांबले तर शब्द सुचवू नये, हात चोळायला द्यावा. घर कोणाच्याही नावावर झाले तरी पुढच्या ओट्यावर बसण्याचा मामांचा हक्क त्यांच्या हयातीपर्यंत राहील. (हे कलम २ मध्ये लिहायचे राहिले होते. ते तेथेच लिहिले आहे असे समजावे.)

मामांना या कलमाने लाभ होतो म्हणून त्यांना साक्षीदार करता आलेले नाही. ते रागावले आहेत. "आज्याला साथ केली, बापाला खांदा दिला, अन् तुज्या कागदाला मी चालंना व्हय!" मी कायद्याचे कारण सांगितले. ते म्हणाले, "तुमच्यात मला मोजायचं काई केल्या जमत न्हाई बगा."

कलम ९. वही. ती मुळात केंद्राचीच आहे, शिक्का पहिल्या पानावर आहे. मी फक्त भरली.

मी वाचलो व चालत परत आलो तर वही मी स्वतः पुण्याला नेईन, पहारेकऱ्याला कोणाकडे आलो ते सांगेन, आणि आठवी खुर्ची मोकळी असल्यास विचारून बसेन. लेयाबाईंना पापडाचे तोंडाने सांगेन. या वाक्याला कायद्यात किंमत नाही हे मला माहीत आहे.

परत आलो नाही तर मला बाबांच्या शेजारी, गावाबाहेरच्या आमच्या पाच कबरींच्या जागेत ठेवावे. मुंबईहून आणणे न जमल्यास तेथेच ठेवावे, ओढाताण करू नये. पण वही माझ्याबरोबर ठेवू नये. बन्याजी काका, हे तुम्ही पाहावे. कोणी म्हणेल, प्रत्येक पानावर नाव आहे, याच्याच हातचे आहे, याच्या उशाशी शोभेल. त्याला सांगावे की ही वही नवी आहे. तिचा एक कोपराही दुमडलेला नाही. फाटल्याशिवाय पुरायची नाही.

ती केंद्राच्या टेबलावर ठेवावी. काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवू नये. ज्याला वाचायची असेल त्याला, तो कितवी शिकला हे न विचारता, हातात द्यावी. आवारातल्याला द्यावी आणि आवाराबाहेरच्यालाही. पाने उलटताना बोटाला थुंकी लावणाऱ्याला रागावू नये. कोणी चाल धरून टेबलावर ताल धरला तर धरू द्यावा. चहाचा डाग पडला तर पडू द्यावा.

अशी वापरून वापरून, वीस वर्षांनी म्हणा, तीस वर्षांनी म्हणा, शिवण सुटली, अक्षरे पुसली, वाचता येईनाशी झाली की मग ती पांढऱ्या कापडात बांधून श्रीरामपुरास आणावी. लेयाबाई असतील तर त्यांनी आणावी. बाबांच्या कबरीच्या उजव्या बाजूला हातभर जागा त्यासाठी मोकळी ठेवण्यास भाऊसाहेबांना सांगितले आहे. मी तेथे असलो तर ती आम्हा दोघांच्या मधे येईल. मुंबईत राहिलो तर बाबांपाशी माझ्या जागी ती राहील. तेव्हा दहा पुरुष जमवण्याची खटपट करू नये. माझ्यासाठी आणलेली वही किती बोटांनी झिजली आहे तेवढे फक्त पाहावे. ते सर्व माझ्याकडे आले होते असे मी समजेन.

वरील सहा पाने मी लिहिली, वाचली, पुन्हा वाचली व खरी म्हणून खाली सही करीत आहे. ही सही खालील दोघांच्या देखत झाली व त्यांनी माझ्या देखत आपापल्या सह्या केल्या.

(सही) रहमिम हसाजी आवासकर

साक्षीदार:

१. (सही) भाऊसाहेब गाडेकर, छापखाना मालक, श्रीरामपूर

२. (सही) छगन साळवे, पोस्टमन, श्रीरामपूर

मुक्काम श्रीरामपूर, ता. ४ मार्च १९७३, सकाळी साडेदहा.

सह्या होताना कानिफनाथ मामा दारात उभे होते.